कोचच्या गटात समावेशन : दारापेक्षा तासांकडे पाहा

प्रश्न : पुण्यातील आमच्या व्यावसायिक कोचच्या (म्हणजे संवादातून माणसाला त्याच्या कामातल्या अडचणींवर स्वतःच मार्ग शोधायला मदत करणाऱ्यांच्या) गटात सुमारे दीडशे सभासद आहेत. सदस्यत्व सर्वांना खुले आहे आणि गेल्या वर्षी आम्ही शुल्कात सवलतही दिली. तरीही बहुतेक सभासद कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांतून किंवा माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातून आलेले, इंग्रजीत सहज वावरणारे आणि शहराच्या चार-पाच भागांतच राहणारे आहेत. सवलतीतून आलेल्या अकरा जणांपैकी वर्षअखेर तिघेच उरले. गटात वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसे यावीत आणि टिकावीत म्हणून काय करावे?

उत्तर : अकरा जण आले आणि तिघे उरले, हा तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोलाचा तपशील आहे, कारण त्यावरून अडचण दाराशी नव्हती हे उघड होते. आठ माणसे आत आली, वर्षभर किंवा त्याहून कमी काळ बसली, आणि आपल्यासाठी येथे काही नाही असे ठरवून निघून गेली. अशा वेळी बहुतेक गट दार आणखी रुंद करतात. म्हणजे सवलत वाढवतात, महिला दिनाला चर्चासत्र घेतात, पत्रकावर वेगवेगळ्या चेहऱ्यांची छायाचित्रे छापतात. मी गेली अठरा वर्षे कोचिंग करते आणि त्यांपैकी दहा वर्षे नव्या कोचना मेंटॉर म्हणून साथ देते. माझे बरेचसे काम चाकण, वाळूज, सातपूर येथील कारखान्यांतल्या पर्यवेक्षकांबरोबर आणि मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांबरोबर झाले आहे. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की गटात कोण टिकणार हे सदस्यत्वाच्या अर्जावर ठरत नाही. कोणाचे तास भरतात आणि कोणाचे सेशन 'चांगले' मानले जाते, या दोन ठिकाणी ते ठरते.

आधी तासांचा हिशेब मांडू. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची, म्हणजे आयसीएफची, प्रमाणपत्रे आपल्याकडे सर्वाधिक प्रचलित आहेत. त्यांतल्या पहिल्या पायरीला, एसीसीला, किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचे प्रत्यक्ष कोचिंग लागते; त्या १०० पैकी ७५ तास सशुल्क असावे लागतात आणि किमान ८ क्लायंट असावे लागतात. पुढच्या पीसीसीला १२५ तासांचे प्रशिक्षण आणि ५०० तासांचे कोचिंग लागते, त्यांपैकी ४५० सशुल्क आणि किमान २५ क्लायंट. सर्वांत वरच्या एमसीसीसाठी प्रत्यक्ष कोचिंगचा आकडा २,५०० तासांवर जातो. आता असे पाहा की एखाद्या मोठ्या कंपनीतून मनुष्यबळप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांना ७५ सशुल्क तास मिळवायला जुन्या सहकाऱ्यांना केलेले पाच-सहा फोन पुरतात. तेच तास लातूरहून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या शिक्षिकेला किंवा कामगार संघटनेत वीस वर्षे घालवलेल्या कार्यकर्त्याला मिळवायचे असतील, तर ओळखीपाळखीत 'कोचिंग' या शब्दाचा अर्थच आधी समजावून सांगावा लागतो. ('कोणत्या विषयाचे क्लास घेता?' हा प्रश्न मला आजही लग्नकार्यात विचारला जातो; दहावी-बारावीच्या कोचिंगने हा शब्द आपल्या आधी व्यापलेला आहे.) तुमची सवलत एकदाच मिळते आणि संपते, तास मात्र दर महिन्याला भरावे लागतात.

याच ठिकाणी सद्हेतूने एक चूक होते आणि ती मी किमान तीन गटांत पाहिली आहे. नव्या, वेगळ्या पार्श्वभूमीच्या कोचना अनुभव मिळावा म्हणून त्यांना स्वयंसेवी संस्थांचे विनामूल्य काम दिले जाते, आणि कंपन्यांकडून येणारे सशुल्क काम आपोआप जुन्यांकडे जाते. दोन्ही बाजूंना समाधान वाटते, फोटो चांगले येतात. पण एसीसीच्या १०० तासांत विनामूल्य तास जास्तीत जास्त २५ धरले जातात. म्हणजे तुम्ही त्या शिक्षिकेला वर्षभर मन लावून काम दिलेत, तरी तिची वाटचाल पंचविसाव्या तासाला थांबलेली असते, आणि हे तिला कोणी सांगितलेले नसते. दुसरीकडे, सशुल्क म्हणजे बाजारभावाने, अशी अट मात्र नाही. नाममात्र रक्कम किंवा वस्तू-सेवेच्या रूपातला मोबदलाही चालतो. तेव्हा गटाने महिला बचत गटांचे संघ, छोट्या फाउंड्री आणि मशीन शॉपचे मालक, शाळांचे मुख्याध्यापक, सहकारी पतसंस्थांचे अधिकारी यांच्याशी थेट बोलणी करून प्रत्येक सेशनला अगदी थोडे, पण ठरलेले आणि पावतीवर दिसणारे शुल्क ठेवावे, आणि हे काम नव्यांना पाळीने द्यावे. सेवाभावाला त्यामुळे बाध येत नाही आणि नव्या कोचचे तास मात्र मोजले जातात.

कंपन्यांकडून येणाऱ्या कामाचे काय, हा अवघड भाग आहे. तुमच्या गटाची खरी संपत्ती बँकेतल्या शिल्लकीत नसून रेफरलमध्ये, म्हणजे कामासाठी एकमेकांची नावे सुचवण्यात, आहे, आणि रेफरल कोणाकडून कोणाकडे जातात याची नोंद जवळजवळ कोणताच गट ठेवत नाही. ती ठेवा. एक साधी वही पुरे : विचारणा कोणत्या तारखेला आली, कोणाची नावे पुढे पाठवली, काम कोणाला मिळाले. सहा महिन्यांनी ती वही उघडलीत, तर बहुधा दीडशेपैकी दहा-बारा नावेच पुन्हा पुन्हा दिसतील, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नसेल; विचारणा आली की जे नाव आधी आठवते ते सांगितले जाते, आणि आठवते ते आपल्यासारख्याच माणसाचे. मी ज्या गटाला सल्ला दिला त्यांनी नियम असा केला की, गटाच्या नावे आलेल्या प्रत्येक विचारणेला तीन नावे पाठवायची आणि त्यांतले एक त्या वर्षात एकही काम न मिळालेल्या पात्र कोचचे असायचे. निवड क्लायंटनेच करायची, पहिल्या ओळखीच्या सेशननंतर. पहिल्या वर्षी त्या तिसऱ्या नावाला फारसे काम मिळाले नाही. दुसऱ्या वर्षी मिळू लागले, कारण तोपर्यंत कंपन्यांतल्या लोकांनी ती नावे ऐकलेली होती.

मेंटॉरिंगचा खर्चही असाच कमी करता येतो. प्रमाणपत्रासाठी लागणारे मेंटॉर कोचिंग, म्हणजे अनुभवी कोचने नव्याच्या कामावर केलेले मार्गदर्शन, १० तासांचे असते आणि ते किमान तीन महिन्यांत पसरलेले असावे लागते. पण त्यांपैकी ७ तास गटाने घेतलेले चालतात, एकास एक असे ३ तासच आवश्यक असतात. जुन्या सभासदांपैकी पात्र असलेल्या तिघा-चौघांनी वर्षातून एक तुकडी घेतली, तर प्रत्येक नव्या कोचचा या बाबतीतला भार बराच हलका होतो.

आता दुसरा मुद्दा, सेशन 'चांगले' कोण ठरवते आणि कशावरून. येथे मला माझीच चूक सांगावी लागेल. तपशील थोडे बदलून आणि संबंधित व्यक्तीच्या परवानगीने सांगते. काही वर्षांपूर्वी एका तरुण कोचने मराठीत घेतलेल्या सेशनचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. क्लायंट कारखान्यातला पर्यवेक्षक होता. अनुवादात तो सतत 'आम्ही', 'आम्हाला' असे बोलत होता आणि कोचही त्याच्याशी 'आम्हाला काय अडते?' अशा भाषेत बोलत होती. मी शेरा लिहिला की क्लायंट स्वतःविषयी बोलत नाही, सर्वसाधारण विधानांमागे लपतो, आणि कोच त्याला 'मी' वर आणण्याऐवजी त्याच्यात मिसळून जाते. तिने काहीही वाद न घालता तो शेरा स्वीकारला. पुढे दुसऱ्या कारणाने मी मूळ ध्वनिमुद्रण ऐकले, तेव्हा तो माणूस म्हणत होता, ''आपल्याला काही वरच्यांशी बोलता येत नाही बघा.'' मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही : स्वतःची उणीव सांगताना आपला समाज 'मला' म्हणत नाही, 'आपल्याला' म्हणतो, त्यात लाज झाकली जाते आणि समोरच्याला थोडे जवळही घेतले जाते. कोचने तोच शब्द उचलून विचारले होते, ''मग आपल्याला नेमकं कुठं अडतं?'' त्यानंतर दहा-बारा सेकंद शांतता होती, आणि मग त्याने बारा माणसांसमोर साहेबाने त्याचे वाक्य अर्ध्यावर तोडल्याचा प्रसंग सांगितला. इतके नेमके आणि हळुवार काम माझ्या हातून त्या वर्षात झाले नव्हते. मी तिची माफी मागितली, पण माझ्या शेऱ्यानंतर तिने प्रमाणपत्राचा अर्ज दीड वर्ष पुढे ढकलला होता, ते दीड वर्ष काही परत देता आले नाही.

लक्षात घ्या, निकष चुकीचा नव्हता. आयसीएफने २०१९ मध्ये आपल्या कौशल्य-निकषांची फेरमांडणी करून ते आठ केले, आणि त्यांत संदर्भ व संस्कृतीचा स्वतःवर आणि दुसऱ्यावर होणारा परिणाम कोचने ओळखावा हे स्पष्टपणे आले आहे. चूक होती ती निकष लावणाऱ्या माझ्या कानाची. म्हणून माझा आग्रह आहे की मराठी सेशनवर अभिप्राय देणाऱ्यांपैकी किमान एकाने ते मराठीतच ऐकलेले असावे, आणि अनुवाद केवळ सोयीसाठी असावा. प्रमाणपत्राची परीक्षा मराठीत नाही, हे वास्तव आहे. त्यामुळे परीक्षेपूर्वी इंग्रजी निकष एकत्र बसून मराठीत समजून घेणारे अभ्यासवर्ग गटाने चालवणे हा सवलतीपेक्षा कितीतरी उपयोगी खर्च ठरेल.

भाषेचा हा प्रश्न सर्वनामापुरता नाही. जागतिक पद्धतीत कोच आणि क्लायंट एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि त्यालाच समानता समजले जाते. पण सव्वीस वर्षांच्या कोचने बावन्न वर्षांच्या फोरमनला नुसत्या नावाने हाक मारली, तर त्याला ती समानता वाटत नाही, उर्मटपणा वाटतो. 'साहेब' म्हटले की उतरंड परत येते. आणि सफाई विभागातल्या बाईंना सवयीने 'मावशी' म्हटले की त्यांची जागा आपण न विचारता ठरवून टाकलेली असते. यावर माझ्याजवळ एकच उपाय आहे. करार करतानाच विचारावे, ''मी तुम्हाला काय म्हणू, आणि तुम्ही मला काय म्हणाल?'' हा प्रश्न दोन मिनिटे घेतो आणि सत्तेचा बराचसा भार तेथेच उतरतो. तसेच 'तुम्हाला कसं वाटतं?' हे इंग्रजी प्रश्नाचे सरळ रूपांतर मराठीत बहुधा 'बरं वाटतं' या उत्तराशी संपते, कारण आपल्या भावना शरीराच्या भाषेत राहतात : छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, डोक्यात तिडीक जाते. ज्या कोचला हे ऐकू येते त्याला 'भावनांचा शब्दसंग्रह कमी आहे' असा शेरा देणारा मूल्यांकनकर्ता स्वतःच बहिरा असतो. आणि क्लायंट म्हणाला, ''घरी विचारून सांगतो,'' तर ती निर्णय टाळण्याची युक्तीच असेल असे धरू नये; अनेक घरांत निर्णय असाच होतो, आणि कोचने त्या घरातल्या चर्चेची तयारी करून घेणे हेच काम असते.

पण येथे एक इशारा द्यायला हवा. इंग्रजीच्या जागी केवळ प्रमाण मराठी आणून ठेवली, तर एक भिंत पाडून दुसरी बांधल्यासारखे होईल. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या माणसाकडे पाहून ओठांच्या कोपऱ्यात येणारे हसू आपण सर्वांनी पाहिलेले आहे, आणि त्या 'ण' आणि 'न' च्या भेदात जात, गाव आणि शाळा हे तिन्ही एकदम ओळखले जाते हेही आपल्याला ठाऊक आहे. मी एका सराव-गटात एका वऱ्हाडी कोचला त्याच्या बोलीतच सेशन घ्यायला सांगितले, तेव्हा त्याचे प्रश्न निम्म्याने छोटे झाले. प्रमाण भाषेत बोलताना तो आधी व्याकरण सांभाळत होता आणि उरलेल्या लक्षात क्लायंटला ऐकत होता.

जातीचा उल्लेख आला आहे तर तो पुरता करू, कारण आपल्या व्यवसायातल्या विविधतेच्या बहुतेक चर्चा परदेशातून आलेल्या याद्यांवर चालतात आणि त्यांत हा शब्द येत नाही. आयसीएफच्या २०२० च्या आचारसंहितेत भेदभाव टाळण्याच्या कलमात वय, वंश, लिंगभावाची अभिव्यक्ती, लैंगिक कल, धर्म, राष्ट्रीयत्व, अपंगत्व, लष्करी सेवा अशी यादी होती. ती 'एवढीच नव्हे' अशा शब्दांनी मोकळी ठेवलेली होती, पण 'जात' त्यात लिहिलेली नव्हती. पुण्यातल्या गटाने आपली स्थानिक नियमावली करताना हा शब्द स्वतः लिहावा. यात परकीय असे काही नाही आणि तो केवळ देशातला प्रश्नही राहिलेला नाही : फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराने आपल्या भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, आणि तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला. तेथल्या भारतीय अभियंत्यांना कोचिंग देणारे मराठी कोच तुमच्याही गटात असतील; त्यांना विचारा, पहिल्या भेटीत आडनाव आणि मूळ गाव किती वेळा विचारले जाते.

तो प्रश्न आपल्या मेळाव्यांतही विचारला जातो. 'आपण मूळचे कुठले?' ही जिव्हाळ्याची चौकशी आहे हे मला मान्य आहे, माझी आई तिच्याशिवाय कोणाशी बोलूच शकत नसे. पण ज्याला त्या उत्तरानंतर समोरच्या चेहऱ्यावरचा बदल पाहायची सवय झालेली आहे, त्याच्यासाठी ती चौकशी परीक्षाच असते. परिचयाची पद्धत बदलणे सोपे आहे : नाव, सध्या कोणाबरोबर काम चालू आहे, आणि सध्या कोणत्या अडचणीत मदत हवी आहे, एवढेच विचारावे. आडनाव लिहायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. सर्वांची आडनावे सक्तीने काढून टाकण्याचा उत्साह मी एके ठिकाणी पाहिला, आणि त्यावर एका दलित सहकाऱ्याने विचारले की माझ्या आजोबांनी अभिमानाने घेतलेले आडनाव मी का लपवू. त्याचे बरोबर होते.

सवलत कशी द्यावी, यावरही थोडे बोलू. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे सर्वांना माहीत असते. त्याच्याच आगेमागे त्यांनी शहरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, हे मात्र आपल्या कामाच्या दृष्टीने अधिक शिकवणारे आहे, कारण शाळा खुली असली तरी खेड्यातल्या मुलाने कोल्हापुरात राहायचे आणि जेवायचे कोठे हा प्रश्न उरतोच, हे त्यांना दिसले होते. तुमच्या सवलतीला असे वसतिगृह आहे का? प्रशिक्षणाचे शुल्क माफ झाले, पण दिवसभराची कार्यशाळा पंचतारांकित हॉटेलात आहे, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली दिवसाची मजुरी किंवा रजा कोणी धरलेली नाही, अभिप्रायासाठी लागणाऱ्या सेशनच्या ध्वनिमुद्रणासाठी घरात शांत खोली नाही. शांत खोली ही किती मोठी गोष्ट आहे हे दोन खोल्यांत पाच माणसे राहणाऱ्या कोचलाच कळते. गटातल्या ज्यांची कार्यालये संध्याकाळी रिकामी असतात, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस एक खोली आणि इंटरनेट उपलब्ध करून दिले, तर त्याचा उपयोग सवलतीच्या रकमेहून जास्त होईल.

आणि सवलत घेणाऱ्याचे नाव कधीही जाहीर करू नये. मी पूर्वी ज्या एका गटात होते, तेथे शिष्यवृत्ती मिळालेल्या चौघांना वार्षिक मेळाव्यात मंचावर बोलावून देणगीदारांच्या हस्ते पुष्पगुच्छ देण्यात आले. टाळ्या झाल्या. त्यातल्या एकीने मला नंतर सांगितले की त्या दिवसापासून ती सर्वांसाठी 'शिष्यवृत्तीवाली' झाली, आणि ज्या देणगीदाराशी तिला बरोबरीने मतभेद व्यक्त करायचे होते त्याच्यासमोर तिला कायमचे आभारी राहावे लागले. ती पुढच्या वर्षी आली नाही. मंचावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

अपंगत्वाबाबत थोडक्यात, कारण येथे काय करायचे हे स्पष्ट आहे आणि फक्त करायचे राहिले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर गेली, आणि त्यांतले कितीतरी डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा 'आमच्याकडे कोणी नाही' असे म्हणू नये. उद्वाहन आणि उतार असलेली जागा घ्यावी, सूचना देताना कोणती सोय हवी हे आधीच विचारावे, कर्णबधिर सभासद येणार असेल तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च गटाने करावा. एक गोष्ट मात्र मराठी गटांत विशेषत्वाने चुकते. आपले अर्ज आणि टिपणे अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात किंवा सूचना चित्र करून व्हॉट्सॲपवर पाठवल्या जातात. दृष्टिहीन सभासदाच्या वाचक-सॉफ्टवेअरला जुन्या फॉन्टमधला मजकूर निरर्थक अक्षरांसारखा ऐकू येतो आणि चित्रातला मजकूर सहसा ऐकूच येत नाही. युनिकोडमध्ये लिहिणे आणि चित्राबरोबर तोच मजकूर खाली टाइप करणे याला एक रुपयाही लागत नाही.

लिंगभावाबद्दल मराठी कोचला एक वेगळी जबाबदारी आहे, जी इंग्रजीत काम करणाऱ्याला नसते. आपल्या भाषेत माणूस 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणताच स्वतःचे लिंग सांगतो, आणि अशी वाक्ये बोलताना पुन्हा पुन्हा येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. कोचिंगच्या खोलीत त्या हक्काचा अर्थ इतकाच आहे की क्लायंट किंवा सहकारी जे क्रियापद स्वतःसाठी वापरतो तेच आपण वापरावे, ते मध्येच बदलले तर दुरुस्त करू नये, आणि शंका असेल तर एकदा एकांतात विचारावे. आठ जणांसमोर विचारू नये.

मोजमाप करावे, पण सांभाळून. दीडशे जणांच्या गटात जातीचा रकाना असलेला अर्ज फिरवण्याचा मोह टाळावा, कारण अर्ज गोळा करणारा प्रत्येकाला ओळखत असतो आणि माहिती फुटायला एक चहा पुरतो. त्याऐवजी शालेय शिक्षणाचे माध्यम, घरातली पहिली पदवीधर पिढी आहे का, राहण्याचा तालुका, सांभाळाची जबाबदारी, हवी असलेली सोय, एवढे ऐच्छिक प्रश्न विचारावेत, उत्तरे बाहेरच्या व्यक्तीकडे द्यावीत आणि ज्या वर्गवारीत पाचपेक्षा कमी माणसे असतील तिचे आकडे जाहीर करू नयेत. याच्या जोडीला रेफरलची वही, मंचावर आणि परीक्षक म्हणून कोण बसले याची यादी, आणि वर्षभरात कोण गेले याची नोंद ठेवली की पुरे.

तक्रारीची सोय हा बहुतेक गटांतला कच्चा दुवा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी आवश्यक असते आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कोचच्या गटात मात्र 'आम्ही सगळे मित्रच आहोत' एवढीच व्यवस्था असते. मेंटॉरच्या हातात नव्या कोचचे तास, शिफारस आणि भविष्य असते, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार कोणी त्याच्याच मित्रांकडे करणार नाही. तिघांची समिती करा आणि त्यातली किमान एक व्यक्ती गटाबाहेरची ठेवा.

'यामुळे पातळी घसरेल' ही हरकत कोणीतरी घेईलच, आणि ती घेणाऱ्याला वाईट हेतूचा मानू नये. त्याला सांगावे की प्रशिक्षणाचे तास तेवढेच, ध्वनिमुद्रणे तेवढीच, निकष तेच आहेत. बदलते आहे ते इतकेच की सेशन ज्या भाषेत झाले त्या भाषेत ते ऐकले जाईल आणि विचारणा आली की तिसरे नावही सांगितले जाईल. आतापर्यंतचे रेफरल गुणवत्तेवर जात होते असे त्याचे म्हणणे असेल, तर वही त्याच्याच हाती द्यावी आणि एक वर्ष त्यानेच ती भरावी.

कार्यक्रम ठरवण्यापूर्वी मात्र एक काम करा. जे आठ जण गेले त्यांना फोन करा. तो अध्यक्षांनी करू नये, आणि ज्याने त्यांना सवलत मिळवून दिली त्यानेही करू नये. उरलेल्या तिघांपैकी कोणी तयार असेल तर उत्तम, नाही तर बाहेरच्या एखाद्या कोचला त्याच्या वेळेचे पैसे देऊन हे काम सांगावे. त्या आठ जणांनाही त्या तासाचा मोबदला द्यावा, कारण ते तुम्हाला सल्ला देत असतील. तीन गोष्टी विचाराव्यात : वर्षभरात किती सशुल्क तास मिळाले, आपल्या सेशनवर कोणता शेरा मनाला लागला, आणि कोणत्या दिवशी परत यायचे नाही असे ठरले. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांना नेमकी तारीख आठवते, असा माझा अनुभव आहे. त्यांना परत येण्याचे निमंत्रण त्याच फोनवर देऊ नये.